पहिल्यांदा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचताना पानं गाळायची का? माझं मत: अजिबात नाही

पेठेतली_वाचक
गेल्या रविवारी संपवलं एकदाचं. चार महिने लागले, रोज रात्री भांडी आवरून झाली की अर्धा-पाऊण तास. तिन्ही सिनेमे कॉलेजात असताना बघितलेले त्यामुळे गोष्ट माहीत होती (फ्रोडो नावाचा हॉबिट, म्हणजे बुटक्या लोकांतला एक, दुष्ट शत्रूची अंगठी नष्ट करायला निघतो), पण टॉल्कीनचं पुस्तक हातात पहिल्यांदाच घेतलं. खाली शेवटापर्यंतचं सगळं लिहिलंय, ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांनी इथंच थांबा.

मी सुरू केलं तेव्हा एका मैत्रिणीनं अगदी प्रेमानं सांगितलं की फ्रोडो घर सोडून निघाला की मधली तीन प्रकरणं सोड आणि सरळ ब्री गावात जा, तिथं एक म्हातारा नुसती गाणी म्हणत फिरतो, बाकी काही होत नाही. टॉम बॉम्बाडिल म्हणतात तो. मी ऐकलं आणि गाळलं. सिनेमातही तो नाहीच त्यामुळे काही चुकल्यासारखं वाटलंच नाही.

मग अडीच-तीन महिन्यांनी पेलेनॉरची लढाई आली. नाझगुलांचा, म्हणजे शत्रूच्या काळ्या स्वारांचा राजा, ज्याला कुणी पुरुष मारू शकत नाही असं भाकीत आहे, त्याच्यासमोर एओविन ही तरुणी उभी आणि मागून मेरी, हा एवढासा हॉबिट, त्याच्या गुडघ्यात तलवार खुपसतो. आणि तिथं लेखक लढाई थांबवतो. अक्षरशः थांबवतो, आणि त्या पात्याबद्दल बोलायला लागतो. की हे पातं फार फार पूर्वी उत्तरेच्या राज्यात कुणीतरी सावकाश घडवलं होतं, याच शत्रूशी त्यांचं युद्ध चालू असताना, आणि दुसऱ्या कुठल्याही शस्त्रानं, मग ते कितीही बलवान हातात असतं तरी, ही जखम झाली नसती. ज्यानं ते घडवलं त्याला हे कळलं असतं तर किती आनंद झाला असता, असंही म्हणतो.

आणि मला प्रश्न पडला की मेरीकडं हे पातं आलं कुठून? मागं गेले, शोधलं. मी गाळलेल्या तीन प्रकरणांपैकी तिसऱ्यात, थडग्यांच्या टेकडीवर, धुक्यात. बॉम्बाडिल स्वतः ते थडग्यातून काढून त्यांच्या हातात देतो.

लढाईचं ते पान मी पुन्हा वाचलं पण जे पहिल्या वाचनात मिळायला हवं होतं ते आता मिळणार नाही. पहिल्यांदा वाचणं एकदाच होतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नवीन माणसाला अमुक गाळ, तमुक गाळ असं सांगूच नये.

गंगावेस_१
पटलं नाही, आणि मनापासून सांगतो का ते. माझ्या धाकट्या भावानं हे पुस्तक तीन वेळा सुरू केलं आणि तिन्ही वेळा त्या जुन्या जंगलात अडकला, विलोच्या झाडापाशी. तिसऱ्यांदा सोडलं तेव्हा म्हणाला मला जमत नाही, माझं इंग्रजी कच्चं आहे. इंग्रजीचा संबंध नव्हता, दुसरी जाड पुस्तकं वाचतो तो. चौथ्यांदा मीच म्हणालो सरळ ब्रीला जा. दोन महिन्यांत संपवलं त्यानं, मोरियाच्या खाणीत ते शिरतात ते प्रकरण तर रात्री २ पर्यंत जागून वाचलं. आता मला सांगा, तीन प्रकरणं गाळून पुस्तक पूर्ण वाचलेला माणूस बरा की न गाळता पहिल्या शंभर-सव्वाशे पानांत कायमचा सोडून दिलेला?

आणि ताई, राग मानू नका, पण तुम्ही सुद्धा गाळलं म्हणूनच पेलेनॉरपर्यंत पोचला असाल.

पेठेतली_वाचक
राग कशाला. असेलही तसं, मला खरंच माहीत नाही मी न गाळता टिकले असते का. पण मैत्रिणीनं मला ‘अवघड आहे’ असं सांगितलं नाही, ‘काही होत नाही’ असं सांगितलं, आणि हे दोन वेगळे आहेत. अवघड आहे म्हटलं असतं तर मी निदान खूण घालून ठेवली असती की इथं परत यायचंय.

शाहूपुरी_जुना
सिनेमात ते पातं बॉम्बाडिलकडून येत नाही, त्यांचा वाटाड्या अरागॉर्न देतो चौघा हॉबिटांना, वेदरटॉपच्या टेकडीवर. आणि मेरीचा तो वार सिनेमात सुद्धा अंगावर काटा आणतो. म्हणजे प्रसंग त्या पात्याच्या इतिहासावर उभा नाही, मेरी घाबरलाय आणि तरी करतोय, यावर उभा आहे. तपशील कळला तर छान, नाही कळला तरी काही कोसळत नाही.

गाण्यांचं तर मी उघड सांगतो, मी सगळी गाळली. पाच वेळा वाचलंय पुस्तक आणि पाचही वेळा गाळली.

निवृत्त_मास्तर
पाच वेळा वाचून गाणी गाळली म्हणजे अर्धं पुस्तक बाकी आहे तुमचं.

आपण कीर्तन ऐकत वाढलेली माणसं. आख्यान रंगात आलेलं असतं आणि बुवा मधेच पद म्हणतात, तेव्हा कुणी उठून म्हणतं का की बुवा पद सोडा, पुढं काय झालं ते सांगा? त्या पदातच आख्यानाचा जीव असतो. एकच उदाहरण देतो. वाटेचं गाणं आहे, दारापासून निघालेली वाट पुढं पुढं जाते असं. बिल्बो, ज्याच्याकडून फ्रोडोला अंगठी मिळते तो, घर सोडताना ते म्हणतो तेव्हा पाय उत्सुक आहेत. पुढं तेच गाणं फ्रोडो म्हणतो, आणि एकच शब्द बदलतो, आता पाय थकलेले आहेत. अजून तर तो शायर, म्हणजे हॉबिटांचा मुलूख, सोडून बाहेरही पडलेला नाही! फ्रोडोला हे ओझं नको होतं, ते सगळं त्या एका शब्दात आहे. गाळणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

शाहूपुरी_जुना
मास्तर, उदाहरण चांगलं आहे, मी आज रात्री काढून बघतो. पण कीर्तनाची तुलना मला मान्य नाही. कीर्तनात चाल असते, पेटी असते, टाळ असतो, शेजारी बसलेला माणूस डुलत असतो. इथं कागदावर परक्या भाषेतल्या ओळी, चाल माहीत नाही, कुठं ठेका घ्यायचा कळत नाही. मुका अभंग वाचल्यासारखं होतं. माझा दोष नाही तो.

निवृत्त_मास्तर
दोष नाहीच. मोठ्यानं वाचा. फ्रोडोचा सोबती सॅम ‘ऑलिफंट’चं, म्हणजे त्या अवाढव्य हत्तीचं गाणं म्हणतो ना हात मागं बांधून, शाळेत कविता म्हणायला उभं केलेल्या पोरासारखा, ते मी नातीला मोठ्यानं वाचून दाखवलं, अर्थ निम्मा कळला असेल तिला पण ठेका दुसऱ्या दिवशी पाठ. आणि इंग्रजीच अडत असेल तर मराठीत ‘स्वामी मुद्रिकांचा’ आहे की, तिथून सुरुवात करायला काय हरकत आहे.

उद्यमनगर_सेकंडशिफ्ट
मी सध्या वाचालोय. ताईंनी थांबा म्हटलेलं पण थांबलो नाही, माझीच चूक, तुमची नाही.

मी नेमका त्याच जागी आहे जिथं तुम्ही सगळी भांडालाय, जुन्या जंगलात. सेकंड शिफ्ट असती, रात्री १२ ला घरी, जेवून २० मिनिटं वाचतो. गेले ८ दिवस त्याच प्रकरणात आहे आणि काल ठरवलेलं की हे काय आपलं काम नव्हं, ठेवून देऊया. मग हा धागा दिसला.

पण त्या पात्याचं वाचून कायतर झालं बघा. मी फौंड्रीत आहे, १४ वर्षं. आमच्याकडनं पंपाची कास्टिंग जातात, ट्रॅक्टरची जातात, गाड्यांची जातात. वाळू, कोअर, ओतकाम, फेटलिंग म्हणजे घासून साफ करणं, सगळं करून माल गाडीत चढला की संपलं, पुढं तो कुठल्या मशीनला लागला, चालला का, किती वर्षं चालला, आम्हाला कधीच कळत नाही. परत काय येतंय तर रिजेक्शन तेवढं येतंय. चांगला चाललेला माल कधी परत येऊन सांगत नाही. आणि हा लेखक म्हणे भर लढाईत थांबून ते घडवणाऱ्याची आठवण काढतो. हे खरं आहे का? का तुम्ही जरा वाढवून सांगितलंय?

पेठेतली_वाचक
वाढवलेलं नाही दादा. पाचव्या पुस्तकातलं सहावं प्रकरण, प्रकरणाच्या मधेच कुठंतरी. नाझगुलांचा राजा पडल्यावर मेरी आपल्या तलवारीकडं बघतो, ती सुक्या फांदीसारखी जळून धूर होऊन जाते, आणि लगेच पुढं त्या कारागिराबद्दल आहे. पाच-सहा ओळीच आहेत.

गंगावेस_१
दादा तुम्ही जंगल सोडून पुढं जा. ब्रीच्या खानावळीत जा, तिथून वेग येतो. ताईंचा मुद्दा मला कळलाय पण सेकंड शिफ्ट करून आलेल्या माणसाला २० मिनिटांत जर आनंद मिळत नसेल तर त्याला अडवून काय साधणार आपण? वाचन म्हणजे काय उपास नव्हे.

अजून एक, हे सगळं एकच पुस्तक आहे, मालिका नाही. सहा पुस्तकांत विभागलेली एकच कादंबरी, युद्धानंतर कागद महाग म्हणून तीन खंडांत छापली. पहिले दोन खंड १९५४ ला, तिसरा १९५५ च्या ऑक्टोबरात. दुसऱ्याच्या शेवटी फ्रोडो शत्रूच्या हातात पडतो आणि तेव्हाचे लोक जवळजवळ वर्षभर तसेच थांबले. तेवढं थांबणं त्यांच्यावर लादलं गेलं, आपल्यावर का लादून घ्यायचं?

व्हीनस_कॉर्नर
मी सहसा लिहीत नाही पण यावर लिहायचंच आहे.

बॉम्बाडिल गाळला तरी चालेल, मी भांडणार नाही. पण मला कुणीतरी शेवटाबद्दल असंच सांगितलेलं, की अंगठी नष्ट झाली की गोष्ट संपली, पुढचं चाळलं तरी चालतं. अंगठी नष्ट होते सहाव्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात. त्यानंतर सहा प्रकरणं आहेत. सहा! आणि त्या पुस्तकातलं आठवं प्रकरण, चौघं घरी परत येतात ते, सिनेमात पूर्ण गाळलंय.

आमचं घर कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरच्या जवळ, तळमजला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेलेली, धोक्याची पातळी ४३ हे इथं सगळ्यांना तोंडपाठ आहे. पाणी उतरल्यावर आम्ही परत आलो तेव्हा दार उघडेना, आतून कपाट आडवं पडलेलं. गाळ. तो वास मी सांगू शकत नाही. आणि सगळ्यात वाईट काय तर गल्ली तीच होती, पाटी तीच होती, आणि तरी आपलं घर नव्हतं ते.

फ्रोडो आणि सॅम शायरला येतात तर झाडं तोडलेली, ओढा घाण झालेला, बॅगशॉट रो ही सॅमची गल्ली उकरून टाकलेली. जग वाचवून आलेत आणि घर गेलंय. मी ते प्रकरण वाचताना पुस्तक खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते. मग सॅम, गॅलाड्रिएल या एल्फ बाईनं दिलेल्या डबीतली माती घेऊन, तोडलेल्या देखण्या, लाडक्या झाडांच्या जागी रोपं लावतो आणि प्रत्येक मुळाशी एक-एक कण घालतो. डबी एकदम ओतून टाकत नाही. आमच्या गल्लीत तेच झालं, एक-एक घर, एक-एक गादी, एक-एक दप्तर.

आणि फ्रोडोला मात्र बरं वाटत नाही. वेदरटॉपला ६ ऑक्टोबरला जखम झालेली, नंतर त्याच तारखेला ते दुखणं परत उठतं, आणि मार्चमध्ये आजारी पडतो ते तर तो सॅमपासून लपवतो. माझी आई अजून पावसाळ्यात रोज बंधाऱ्याची पातळी बघते, ३९ झाली, म्हणजे इशारा पातळी, की गप्प उठते आणि कागदपत्रांची पिशवी माळ्यावर टाकते. बोलत काही नाही. मला ते पुस्तक वाचल्यावर पहिल्यांदा कळलं की ती काय करते.

हे जर मी कुणाचं ऐकून चाळलं असतं तर?

पेठेतली_वाचक
ताई, मी शेवट वाचला होता, पण ६ ऑक्टोबरचं असं लक्षातच आलं नव्हतं माझ्या. आज परत वाचते.

शाहूपुरी_जुना
व्हीनस कॉर्नर, तुमच्यासमोर वाद घालायचा नाही मला. त्या पुरात आमच्या दुकानातही पाणी होतं. फक्त एक म्हणतो, तुम्हाला ते भिडलं कारण तुमच्याकडं तो अनुभव होता. मी ते प्रकरण २००२ साली वाचलं, पूर यायच्या कितीतरी आधी, आणि मला ते खरंच लांबण वाटलेलं. पूर्ण वाचलं होतं, तरी हाती काही लागलं नाही. म्हणजे न गाळता वाचलं की मिळतंच असं नाही. माणूस परत येतो तेव्हा मिळतं. म्हणून पहिल्या वाचनाला एवढं वजन देऊ नका असं माझं म्हणणं, आणि ते अजूनही तसंच आहे.

निवृत्त_मास्तर
पण तुम्ही २००२ ला वाचलं होतं म्हणून आज तुम्हाला आठवलं. गाळलं असतं तर आठवायला काय होतं?

गंगावेस_१
मास्तर, हे बरोबर बोललात. मी एवढं मान्य करतो की भावाला ‘काही होत नाही’ हे मी पण म्हणालो होतो आणि ते म्हणायला नको होतं. पुढच्याला सांगताना म्हणेन की जा ब्रीला, पण त्या टेकडीवर एक वस्तू राहिलीय, लढाईच्या आधी मागं येऊन घेऊन जा. गाळायला सांगणं मात्र बंद करणार नाही. माझ्या घरात त्यानं एक वाचक वाचलाय.

उद्यमनगर_सेकंडशिफ्ट
सगळ्यांचं वाचलं. काल रात्री जंगल संपवलं, ते पिवळे बूट घालून गाणी म्हणणारं बेनं आलं एकदाचं, आणि खरं सांगू का, मला आवडला तो. त्याच्यावर अंगठीचा काहीच परिणाम होत नाही, बोटात घालतो आणि दिसतोच आहे की, वर परत देऊन टाकतो. ब्रीला नंतर जातो. आधी त्या टेकडीवर जाऊन पातं घेतो.

आणि ताई, पाचव्या पुस्तकातल्या त्या पाच-सहा ओळी मी आधीच काढून वाचल्या, राहवलं नाही. मोबाईलवर फोटो काढलाय. उद्या डब्याच्या सुट्टीत फेटलिंगमधल्या पोरांना मराठीत सांगणार आहे.