मुलं परदेशी शिकायला: बेळगाव-खानापूर-निपाणीकरांनो, पैसे कसे जमवलेत?

थोरली यंदा बारावीला. आत्तापासूनच जर्मनी-जर्मनी चाललंय. आमची पुंजी थोडी सोसायटीत फिक्स, थोडी सोन्यात, बाकी शेतात. कन्सल्टंटचं गोड बोलणं ऐकून झालं. ज्यांची पोरं गेलीत त्यांनी आकडे लिहा आणि चुकाही लिहा.
– टिळकवाडीची आई

खानापूरहून

चार एकर जमीन आहे, तिच्यावर कर्ज सहज मिळेल असं धरून चाललो होतो. मॅनेजरनी उतारा बघितला आणि परत माझ्याकडे सरकवला. शेतजमीन सरफेसी कायद्यात येत नाही, म्हणजे कर्ज थकलं तर त्या कायद्यानं बँकेला ती विकता येत नाही, म्हणून ती तारण घेत नाहीत. साडेसात लाखांच्या वर तारण हवंच म्हणाले. राहिलं घर. ते अजून वडिलांच्या नावावर, आणि वडील जाऊन सहा वर्षं झालेली. वारसा लावायचा तर दोन्ही बहिणींच्या सह्या हव्यात. थोरली दुसऱ्या दिवशी बसनं आली आणि सही करून गेली. धाकटीनं कागद हातात घेतला, सगळा कन्नडात. म्हणाली, "दादा, सही करते खरं, आधी मराठीत वाचून दाखव." वाचता मलाही येईना. वकिलाकडे गेलो, तीन आठवडे गेले. तिचं काहीच चुकलं नाही, मीच हे काम मुलगा दहावीत असताना करायला हवं होतं.

आणखी एक. कोर्स संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही खरं, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. मी दरमहा व्याजापुरतं भरतोय.

शहापूर, बेळगाव

मुलगा इंग्लंडला. तिथल्या व्हिसाला ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात दिसावी लागते, एक दिवसही कमी नाही. आणि खातं मुलाचं किंवा आई-बापाचंच हवं. दिरांनी मोठ्या मनानं पैसे देऊ केले होते, ते आधी आमच्या खात्यात आणावे लागले. एकोणिसाव्या दिवशी ह्यांनी भाचीच्या लग्नाच्या आहेराला चाळीस हजार काढले! पुन्हा एकपासून मोजणी. आई-बापाचं खातं दाखवायचं तर मुलाचा जन्मदाखला लागतो. आमचा कन्नडात, त्याचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घेतलं. फीशिवाय आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं शुल्क) वर्षाला ७७६ पौंड, तोही व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा एकदम. हा आकडा आम्हाला अर्ज भरताना कळला.

निपाणी

जर्मनीचं विचारलंय म्हणून लिहितो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र आपल्या मुलांना सत्राला १,५०० युरो पडतात. खरा भार ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे राहण्या-जेवणाचे पैसे व्हिसासाठी आधीच भरून ठेवायचं खातं. आम्ही भरले ११,९०४ युरो. तिथं पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२च हातात येतात. खोलीचं डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिप्पट घेता येतं. कायद्यानं ते तीन मासिक हप्त्यांत देता येतं, पण आमच्याकडून सगळं पहिल्याच महिन्यात मागितलं. लेक रडकुंडीला आली होती. ब्लॉक्ड सोडून दीड-दोन हजार युरो वेगळे ठेवा, बघा.

चिकोडी, निवृत्त शिक्षक

२०२५-२६मध्ये पाठवलेल्या पैशांचा हिशेब सांगतो. माणशी १० लाखांपर्यंत टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर) नाही. स्वतःच्या पैशातून त्यावर गेलात की वरच्या रकमेवर ५ टक्के. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेले तर काही नाही. मी आणि सौ.नी आपापल्या पॅनवर निम्मे-निम्मे पाठवले. कापलेलं रिटर्नमध्ये परत मिळतं, पण तोवर अडकतंच. दर बजेटात बदलतात, पाठवायच्या आधी विचारून घ्या. कर्जाच्या व्याजाची आयकरातली सवलत (२०२५-२६पर्यंतचं कलम ८०-ई) जुन्या कर पद्धतीतच आहे. नव्या पद्धतीत गेलेल्यांनी ती गृहीत धरू नये.

चंदगड (नोकरी बेळगावात)

बँक कर्नाटकात, घराचे कागद महाराष्ट्राचे. शाखेच्या वकिलानं हात वर केले, फाईल कोल्हापूरला गेली. जर्मन व्हिसाही आम्हाला मुंबईचा, शेजारच्या बेळगावकरांना बेंगळुरूचा. काही मैलांचा फरक!

टिळकवाडीची आई

सगळ्यांचे आभार. आमचंही घर अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे, हे आत्ता वाचताना ध्यानात आलं. रविवारी दोन्ही नणंदा जेवायला यायच्याच आहेत. कागद मराठीत करून ठेवते.