स्वित्झर्लंड रेल्वे: ट्रॅव्हल पास की हाफ फेअर कार्ड?

प्रश्न: दोघे आणि १० वर्षांचा मुलगा. सहा दिवसांत बर्निना आणि ग्लेशियर एक्सप्रेस (दोन्ही निसर्ग बघायच्या पर्यटक गाड्या), शिवाय युंगफ्राउयोख (आल्प्समधलं उंचावरचं रेल्वे स्टेशन). स्वस्त काय पडेल?

उत्तर १: मुलासाठी फॅमिली कार्ड मागून घ्या, फुकट असतं, १६ वर्षांखालची मुलं आई-वडिलांसोबत मोफत. रोज लांबचा प्रवास असेल तर सलग दिवसांचा ट्रॅव्हल पास (तेवढे दिवस हवा तितका प्रवास) घ्या. मात्र युंगफ्राउयोखला तो ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच पूर्ण चालतो, पुढे फक्त २५ टक्के सूट. हाफ फेअर कार्डावर (हे घेतलं की तिकिटं निम्म्या भाड्यात) तिथे ५० टक्के. त्यामुळे आधी रोजची भाडी मांडा, निम्मी करा, कार्डाची किंमत मिळवा, मग पासशी ताडून बघा.

उत्तर २: लोक फसतात ते आरक्षणात. ग्लेशियर आणि बर्निना एक्सप्रेसला पास असला तरी सीटचे पैसे वेगळे, आणि आरक्षण सक्तीचं. त्याच रुळांवरच्या साध्या गाड्यांना ते लागत नाही. बर्निनाला तर साधीच घ्या: २,२५३ मीटरवरचं, या मार्गावरचं सर्वांत उंच स्टेशन ओस्पित्झिओ बर्निना तेच, शिवाय बऱ्याच डब्यांच्या खिडक्या उघडतात, फोटोत काचेची चमक येत नाही.

उत्तर ३: हाफ फेअर घेतलंत तर लांबच्या दिवसापुरता सेव्हर डे पास (एका दिवसाचा पास) जोडा. जितका लवकर, तितका स्वस्त. पण परतावा नाही. फ्लेक्स पास (सलग नसलेल्या, हव्या त्या दिवसांचा ट्रॅव्हल पास) असेल तर त्या दिवसाची तारीख गाडीत चढण्याआधीच चालू करा.