आजोबांच्या पेटीत अर्धा कापलेला हातगोळा निघालाय, नेमका कुठला?

कोरेगावकर_सातारा:
नमस्कार मंडळी. गावाकडचं जुनं घर पाडायला काढलंय (कोरेगाव तालुका) आणि माळ्यावर आजोबांची पत्र्याची पेटी होती ती खाली घेतली तर आत जुने कपडे, पट्टा, डिस्चार्ज बुक आणि एका फडक्यात गुंडाळलेला हा प्रकार. लोखंडी हातगोळा आहे, बाहेरून चौकोनी चौकोनी खाचा, पण एका बाजूने चांगली मोठी खिडकी कापलेली आहे त्यातून आतलं सगळं दिसतं, मधे एक नळी त्यात स्प्रिंग आणि तिच्या बाजूला दुसरी बारीक नळी. कापलेल्या कडांना लाल रंग होता तो आता खरवडल्यासारखा झालाय, बाहेर कुठे कुठे पांढरा रंग. लिव्हर आहे, रिंग पण आहे. खाली बुडाला काहीतरी कोरलंय, ३६ वाचता येतं आणि ४२ असं पण दिसतं. आजोबा मराठा पलटणीत होते, लढाईच्या काळात बेळगावला पलटणीच्या ट्रेनिंग सेंटरवर होते आणि मग इटलीला गेले असं आजी सांगायची. चुलत भाऊ म्हणतो हा पत्री सरकारवाल्यांचा बॉम्ब आहे, कुणीतरी आपल्याकडे लपवायला दिला असणार. मला एवढंच विचारायचंय की हा नक्की कुठला, घरात ठेवला तर चालतो का, आणि असल्या गोष्टी जमवणारे कोणी आहेत का इकडे. फोटो टाकलेत.

तोफखाना_खटाव (माजी सैनिक):
दादा, आधी तो टेबलावर ठेव आणि रिंगशी खेळू नको. फोटोत खिडकी आरपार दिसतीय, आत दारू भरायची जागा रिकामी आहे म्हणजे स्फोटाची भीती वाटत नाही, पण स्प्रिंग दाबलेली असली तर लिव्हर सुटताना बोट फोडते, शिकवणाऱ्या उस्तादांची पण फुटलेली आहेत. आणि ही गोष्ट फक्त आरपार कापलेल्याला लागू. पेटीत अजून काही निघालं, तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची बारीक नळी म्हणा, सुतळीसारखी वात म्हणा, तर हात न लावता घराबाहेर पड आणि ११२ ला फोन कर, बॉम्ब शोधक पथक येऊन बघेल. डेटोनेटर (मुख्य दारू उडवणारी ती बारीक नळी) ऐंशी वर्षांनी पण जागा असतो आणि उलट जास्त नाजूक होतो.

आता हा काय आहे ते. हा ३६ नंबर. बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्सचा गोळा, पहिला १९१५ साली ५ नंबर म्हणून आला, मग सुधारत सुधारत १९१८ ला ३६. वजन साधारण पाऊण किलो. तुझ्या खिडकीतून जे दिसतंय तेच वर्गात शिकवायचे. मधल्या नळीत स्ट्रायकर (ठोका मारणारा दांडा) आणि स्प्रिंग, लिव्हरने तो वर धरून ठेवलेला असतो. पिन काढली तरी लिव्हर मुठीत आहे तोवर काही होत नाही, हात सुटला की लिव्हर उडते, स्ट्रायकर खाली ठिणगी पाडणाऱ्या कॅपवर आपटतो, वात पेटते आणि वळून बाजूच्या नळीतल्या डेटोनेटरकडे जाते. ही वात इंग्रजी यू अक्षरासारखी वळलेली असते, म्हणून दोन नळ्या. हे तोंडाने शंभरदा सांगितलं तरी रंगरुटाच्या डोक्यात बसत नाही, कापलेला गोळा हातात दिला की एका मिनिटात बसतं. आधी वात सात सेकंदांची होती, कारण रायफलच्या तोंडाला लावलेल्या कपातून पण उडवायचे, हाताने फेकायला सात सेकंद म्हणजे समोरचा उचलून परत टाकेल एवढा वेळ, म्हणून १९४० नंतर हाताने फेकायच्या गोळ्यांना चार सेकंदांची आली. आपल्या फौजेत हा ३६ फार वर्षं टिकला बरं का, आमच्या नोकरीत पण हाच, २०२१ ला नागपूरच्या कंपनीचे मल्टी मोड ग्रेनेड आले तेव्हा कुठे त्याला रजा मिळायला लागली.

आजोबा इटलीत होते म्हणतोस तर एक सांगतो. नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठाच्या तिसऱ्या बटालियनचे, रायगडच्या माणगाव भागातले. १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात त्यांचा सगळा सेक्शन पडला तेव्हा एकट्याने पळत जाऊन मशिनगनवर गोळा टाकला आणि गन बंद पाडली, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तोही मरणोत्तर. पण तुझ्या हातातला गोळा इटलीचा नाही, लढाईवर जाणारा माणूस कापलेला गोळा कशाला नेईल. हा बेळगावच्या वर्गातलाच असणार.

वाळवा_एक्सप्रेस:
४२ कोरलंय म्हणताय आणि तरी बेळगाव बेळगाव काय करताय. ४२ साल म्हणजे चले जाव! कुंडल, वाळवा, कोरेगाव सगळीकडे प्रतिसरकार होतं, फौजेतनं सुट्टीवर आलेले लोक आतून मदत करायचे. माझ्या मते भावाचं बरोबर आहे. इतिहास लिहिणारे आपल्याकडच्या गोष्टी असंच पुसून टाकतात.

जुनंलोखंड_मिरज:
वाळवाभाऊ, क्रांतिसिंहांबद्दल कोणालाच शंका नाही. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पगार नेणारी रेल्वे लुटली हे आमच्याकडे पोरांना पण माहिती आहे. पण ज्या गोळ्याला एवढी खिडकी पाडलीय त्यात दारू राहणारच नाही, तो लपवून भूमिगतांना उपयोग काय? ४२ हे बेस प्लगवरचं, म्हणजे बुडाच्या आट्यांच्या झाकणावरचं, बनवल्याचं साल आहे, त्या वर्षी असे गोळे पेट्यांच्या पेट्या भरून बनत होते.

कोरेगावकर, मी हे गोळा करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. ओळखायचं बुडावरून, अंगावरून नाही. अंग सगळ्या मिल्सचं सारखंच दिसतं, लोक खाचा बघून लगेच नंबर सांगतात ते सोडून द्या. ५ नंबरचा बेस प्लग लहान आणि मधे भोक नाही. २३ नंबरला मधे आटे पाडलेलं भोक, कारण रायफलच्या नळीत जाणारा रॉड तिथे बसायचा. ३६ ला रॉड गेला आणि त्याजागी गोल चकती आली, ती चकती बसवून गोळा कपातून उडवायचे. प्लगवरच नंबर, मार्क, बनवणाऱ्याची अक्षरं आणि साल असतं. ३६ च्या पुढे एम असेल तर ओलाव्यापासून आत लाखेचा लेप दिलेला प्रकार, आधी मेसोपोटेमियासाठी केला होता, इकडच्या हवेत पण तोच चालायचा. फक्त एक लक्षात ठेवा, प्लग आट्यांचा असतो म्हणजे बदलता येतो, त्यामुळे प्लग ४२ चा आणि अंग वेगळ्याच सालचं असं पुष्कळदा निघतं. लिव्हर आणि पिन तर हमखास दुसऱ्याच्या.

रंगाचं म्हणाल तर भरलेल्या गोळ्याला काळपट लाखेचा रंग, वर लाल फुल्यांची रांग आणि पोटावर हिरवा पट्टा. कवायतीच्या गोळ्याला पांढरा. पण रंगावर विश्वास ठेवून कधीच हात लावू नका, रंग कोणीही मारतो. कापलेले बरेचसे पलटणीच्या आर्मररच्या (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याच्या) वर्कशॉपमध्येच कापलेले, त्यामुळे दोन एकसारखे सापडत नाहीत, कुणी चौकोनी खिडकी पाडलीय कुणी पाव भाग उडवलाय. कडेला लाल रंग म्हणजे इथून कापलंय हे लांब बसलेल्याला दिसावं म्हणून.

बाकी देशांचे पण येतात बाजारात. जर्मन दांडीवाला २४, त्याच्या सरावाच्या गोळ्याचं डोकं लाल आणि भोकं पाडलेलं. अमेरिकन एमके २ च्या सरावाच्या गोळ्याला बुडाला भोक. जपान्यांचा ९७ तर वेगळाच, पिन काढून हेल्मेटवर किंवा दगडावर आपटल्याशिवाय वात पेटत नाही. इकडे सांगली मिरजेत मात्र ३६ सोडून काही दिसत नाही, आणि दिसलं तर आधी संशय घ्यायचा. हल्ली नवीन ओतलेले गोळे कापून, मिठाच्या पाण्यात गंजवून ‘वॉर आयटम’ म्हणून विकतात.

किर्लोस्करवाडी_फाउंड्री:
शेवटच्या वाक्यावर बोलतो कारण माझा धंदाच ओतकामाचा. कापलेला भाग भिंगाखाली बघा. जुन्या काळी हॅकसॉ आणि कानस चालवलेली असेल तर रेघा वेड्यावाकड्या, कोपरे हाताने मारलेले. नवीन असेल तर ग्राइंडरच्या चकतीच्या गोलाकार रेघा येतात, त्या लपवायला वर जाड रंग फासतात. दुसरं म्हणजे भिंतीची जाडी. जुन्या ओतीव गोळ्यात आतली पोकळी थोडी सरकलेली असते, एका बाजूला भिंत जाड एका बाजूला पातळ, ओतताना आतला साचा (कोअर) हलला की असं होतं. तुमच्या दुसऱ्या फोटोत डावीकडची भिंत जाड आहे, मला तरी हे जुनं वाटतंय.

आणि त्या बाहेरच्या खाचांबद्दल पण एक गैरसमज आहे, लोकांना वाटतं त्या खाचांवर तुकडे पडतात. ओतीव लोखंड असं सांगितल्याजागी फुटत नाही हो, बारीक चुरा पण होतो आणि मोठा ढेकूळ पण उडतो. खाचा मुठीत धरायला बऱ्या.

ब्रासो लावू नका. पॉलिश पेपर तर अजिबात नाही, राहिलेला लाल पांढरा रंग हाच त्याचा पुरावा आहे. मऊ ब्रशने धूळ काढा, मशीन ऑइलचा हलका हात फिरवा, बास.

कोरेगावकर_सातारा:
सगळ्यांचे लय आभार. भिंगाने बघितलं, ३६ एम आणि मार्क १ आहे, साल ४२ नक्की, बनवणाऱ्याची अक्षरं मात्र अर्धी घासली गेलीत. रेघा वेड्यावाकड्याच आहेत. भाऊ अजून ऐकत नाही तो विषय वेगळा. पोलिसांना सांगावं का नको यावर घरात दोन पार्ट्या पडल्यात, वडील म्हणतात उगाच झेंगट.

तोफखाना_खटाव (माजी सैनिक):
सांग. आर्म्स ॲक्ट १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत ग्रेनेड नाव घेऊन लिहिलाय, कापलेला आहे हे तुला मला कळतं, बाकीच्यांना नाही. साधा अर्ज कर, फोटो जोड, आजोबांच्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स लाव, आरपार कापलेला शिकवणीचा गोळा आहे असं लिही आणि पोच घे. आधी अर्ज, मग ते बघायला येतील किंवा आणायला सांगतील, आपणहून पिशवीत घालून ठाण्यात जाऊ नको. एसटीत, रेल्वेत, कुरिअरने कुठेच पाठवायचा नाही. अपशिंग्याच्या आमच्या एका पाव्हण्याने असाच एक शोभेचा गोळा पुण्याला विमानतळावर बॅगेत नेला होता, विमान गेलं आणि हा दिवसभर जबाब देत बसला.

जुनंलोखंड_मिरज:
आणि अर्जाची पोच गोळ्याबरोबरच ठेवा, पुढेमागे संग्रहालयाला द्यायचा म्हटलं तर ते पहिलं हेच विचारतात. डिस्चार्ज बुक आणि गोळा वेगळे करू नका, नुसत्या ३६ ला फारसं कोणी विचारत नाही, पण बेळगावच्या सेंटरवरच्या माणसाच्या कागदासकट असला की किंमतच वेगळी. विकायचा नाही म्हणालात तर उत्तमच. फक्त त्या घासलेल्या अक्षरांचा एक फोटो बाजूने टॉर्च मारून टाका, समोरून फ्लॅश मारला की काही दिसत नाही.