लाईटचं काम करतो, आता नाटकाची डिग्री घ्यायला विद्यापीठात जाऊ का?

महालचा_स्पॉट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, महालात राहतो. वय २१, यंदा बी.कॉम. झालं. बाबांचं बिछायत केंद्र आहे. मांडव, गाद्या, खुर्च्या, झालर आणि लग्नसराईत लायटिंग. आठवीत असल्यापासून मी वायर, होल्डर आणि माळा यांच्यातच वाढलो. दहा पार कॅन (डब्यासारखे हजार वॅटचे स्टेजचे दिवे) म्हणजे दहा किलोवॅट, त्रेचाळीस अँपिअरच्या आसपास, आणि तो लोड कधीच एका फेजवर टाकायचा नाही, हे मला शाळेने नाही, बाबांनी शिकवलं.

चार वर्षांपूर्वी गल्लीतल्या एका दादाने राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमच्याकडून चार हॅलोजन नेले. ते लावून द्यायला मी लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात गेलो आणि खेळ संपेपर्यंत विंगेतच उभा राहिलो. शेवटच्या प्रवेशात म्हातारी एकटी बसलेली होती. लाईटवाल्या काकांनी एका स्लायडरवर अंगठा ठेवला आणि तो इतका हळू खाली आणला, की अंगठा हलतोय की नाही हे मला जवळ उभं राहूनही कळत नव्हतं. मी मनात आकडे मोजत होतो. एकवीसपर्यंत पोचलो तेव्हा अंधार झाला. सभागृहात कोणी खोकलंही नाही. त्या रात्री घरी येऊन मी जेवलो नाही.

त्यानंतर सहा नाटकं आणि बऱ्याच एकांकिका केल्या. फोकस लावणं, जिलेटिन म्हणजे दिव्यापुढचा रंगीत कागद कापणं, उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरची जोडणी, क्यू देणं म्हणजे कोणत्या क्षणी कोणता दिवा बदलायचा ते सांगणं, हे सगळं येतं. पण गेल्या स्पर्धेत आमच्या दिग्दर्शकांनी विचारलं, "या प्रवेशात उजेड कुठून येतो?" मी म्हणालो, डावीकडच्या दुसऱ्या स्पॉटमधून. ते म्हणाले, "अरे, त्या घरात कुठून येतो? खिडकी कोणत्या बाजूला आहे? वेळ कोणती आहे?" मला उत्तर देता आलं नाही. मी संहिता वाचलीच नव्हती, फक्त क्यूचा कागद पाठ केला होता. ते मला अजून लागून आहे.

विद्यापीठात नाटक आणि माध्यमं एकत्र शिकवणारा विभाग असतो असं ऐकलं. तिथे जावं असं वाटतं. बाबा म्हणतात, "त्यात शिकायचं काय आहे? तुला येतंच न ते. दोन-तीन वर्षं घालवशील आणि परत येऊन हेच करशील." त्यांचं चूक आहे असंही मला म्हणता येत नाही. त्यांच्या गुडघ्यांना आता शिडी झेपत नाही, आणि सीझनमध्ये मी नसलो तर दोन माणसं जास्तीची लावावी लागतील.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. बॅकस्टेजच्या माणसाला डिग्रीचा खरंच उपयोग होतो का? नागपूरच्या मुलाने कुठे जावं? आणि तिथे सगळ्यांना अभिनयच करायला लावतात का? स्टेजवर उभा राहिलो की माझी जीभ टाळूला चिकटते.

धरमपेठची_ध्वनी

तुझा प्रश्न दोनदा वाचला. खिडकी कोणत्या बाजूला आहे हे न सुचल्याचं ज्याला लागून राहतं, त्याने जावं. माझं मत एवढंच आहे, पण कारणं सांगते.

मी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकले. आता ध्वनी आणि प्रकाश दोन्हीचं काम करते, नाटकाला आणि कॅमेऱ्यालाही. तू म्हणतोस तसं फोकस लावणं तिथे कोणी फारसं शिकवत नाही. ते तुला आधीच येतं आणि बहुतेकांपेक्षा चांगलं येत असणार.

आमच्या सरांनी दुसऱ्या सत्रात आम्हाला एकच दिवा दिला होता. एक दिवा, एक खुर्ची, खुर्चीवर बसलेला एक माणूस, आणि पूर्ण महिना. पहिला आठवडा दिवा समोर. मग पंचेचाळीस अंश बाजूला आणि तेवढाच वर. मग अगदी बाजूला, मग पाठीमागे, मग पायापाशी. प्रत्येक वेळी वहीत लिहायचं: डोळ्यांच्या खोबणीत काय झालं, नाकाची सावली कुठे पडली, हा माणूस थकलेला वाटतो की लपवणारा वाटतो. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथा हिस्सा होतो हे पुस्तकात वाचलं होतं, पण ते पहिल्यांदा त्या खुर्चीपाशी समजलं. तिसऱ्या आठवड्यात मी कंटाळून रडकुंडीला आले होते. चौथ्या आठवड्यात माझी मैत्रीण खुर्चीवर बसली होती. दिवा मागून होता आणि तिच्या कानाची पाळी लाल दिसली, आरपार. ती काही करत नव्हती, नुसती बसली होती, आणि तरी ती कोणाची तरी वाट बघतेय असं आम्हा सगळ्यांना वाटलं. मी त्या दिवशी वहीची तीन पानं लिहिली. धंद्यात राहून तुला असा महिना कोणी देणार नाही. तिथे सकाळी माल पोचतो, दुपारी फोकस होतो, रात्री खेळ असतो.

अभिनयाचं म्हणशील तर हो, सुरुवातीला सगळ्यांना सगळं करावं लागतं. आवाज, शरीर, वाचन, नेपथ्याला खिळे ठोकणं, कपडे इस्त्री करणं. माझीही जीभ चिकटायची. पण चेहऱ्यावर हजार वॅटचा पार घेऊन उभं राहिल्याशिवाय नटाला समोरचं काही दिसत नाही म्हणजे काय, हे कळत नाही. तेव्हापासून मी पायरीच्या कडेला पांढरी पट्टी लावल्याशिवाय खेळ सुरू होऊ देत नाही.

माध्यमांचं शिक्षण शेजारी असण्याचा फायदा मला उशिरा कळला. आमच्या एका खेळाचं रेकॉर्डिंग केलं होतं. सभागृहात अतिशय सुंदर दिसलेला संध्याकाळचा प्रवेश पडद्यावर पाहिला तर सगळ्यांचे चेहरे शेंदरी. हॅलोजन पूर्ण चालू असतो तेव्हा त्याचा रंग साधारण ३२०० केल्विनचा असतो (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप). डिमरने खाली आणला की तो तांबूस होत जातो. आपला डोळा ते सांभाळून घेतो, पण कॅमेऱ्याला पांढरा रंग एकदा ठरवून दिला की तो त्यावरच अडून बसतो. एलईडीचं दुखणं वेगळं. ते मंद करताना फार वेगाने चालू-बंद होत राहतात, डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्यात आडवे पट्टे येतात. हे मला त्या वेळी शेजारच्या वर्गातल्या कॅमेऱ्याच्या मुलाने समजावलं, चहा पिता पिता. आजही कॅमेरा येणार असेल तर मी त्याच्यासोबत आधी बसते.

आता कुठे जायचं ते.

पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, १९८७ पासूनचं. नाटक, संगीत आणि नृत्य एकाच आवारात, मराठीतून. मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी २००३ ची, तिथे पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग जुना, मराठी रंगभूमीला त्याने खूप माणसं दिली. घराजवळचं हवं असेल तर वर्ध्याचं हिंदी विद्यापीठ. तिथे नाटक आणि चित्रपट एकाच विभागात आहेत, आणि आपल्याकडून गाडीने तास-सव्वा तास. लग्नसराईत एखाद्या रविवारी बाबांच्या मदतीला धावून येता येईल, हे मी मुद्दाम सांगतेय. पूर्वेकडे खैरागडचं इंदिरा कला संगीत विद्यापीठ, १९५६ पासूनचं, राजवाड्यातलं. राजा-राणीने आपल्या लेकीच्या नावाने तो वाडा कलेसाठी देऊन टाकला. डोंगरगडला उतरून पुढे रस्त्याने जायचं. तिथे संगीताचं वातावरण जास्त, पण नाट्यविभाग आहे, आणि ध्वनीत रस असेल तर दिवसभर चांगलं कानावर पडत राहणं हेही शिक्षणच आहे.

कुठेही अर्ज भरण्याआधी एक दिवस जाऊन ये. माहितीपत्रक वाचू नकोस, रंगमंच बघ. दिवे कुठल्या पाइपवर आहेत, विद्यार्थ्यांना डिमरला हात लावू देतात की कुलपात असतो, रात्री आठ वाजता तालीम चालू असते की इमारत बंद होते. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलाला विचार, वर्षात किती नाटकांना स्वतः लाईट केली. त्याने जर "एक" म्हटलं, तर दुसरीकडे बघ.

आणि बाबांना सोबत ने.

वडसेचा_पडदा

ताईंचं बरोबर आहे, पण आमच्याकडचंही ऐक भाऊ. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसेचा. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, नाटकांचा सीझन असते. दिवाळी झाली का होळीपर्यंत आम्हाले रात्रीची झोप नसते. आज शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावात, उद्या मंडईच्या जत्रेच्या. रात्री दहाले पडदा वर जाते तो पहाटे खाली येते. मागच्या सीझनले मी साठच्या वर खेळ केले. एवढ्या रात्री लोक थंडीत घोंगडं पांघरून बसतात, पुढे लेकरं झोपलेली असतात, आणि करुण सीनमध्ये बाया रडतात ते स्टेजपर्यंत ऐकू येते. आमच्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री भेटली तेव्हा वडसेत आम्ही पेढे वाटले.

एक सीझन आमच्याकडे ये आणि मग शिकायले जा. जनरेटरवर व्होल्टेज पडते तेव्हा कोणता दिवा आधी सोडायचा आणि कोणता शेवटपर्यंत धरायचा, हे एवढ्या वेळा कुठे शिकशील?

पण जाऊ नको असं मी म्हणत नाही. माझं दुखणं सांगतो. मागच्या माघ महिन्यात मले टायफॉइड झाला. माझ्या जागी दुसऱ्या पोराले बसवलं तर त्याले काहीच कळेना, कारण सगळे क्यू माझ्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. आठ खेळ त्यानं नुसते सगळे दिवे चालू ठेवून काढले. नटांनी काम केलं, लोकांनी टाळ्याही दिल्या, पण मी खाटेवर पडून ते ऐकलं तेव्हा मले फार वाईट वाटलं. बारा वर्षांचं माझं काम कुठेच लिहिलेलं नाही. प्लॅन कसा काढतात, क्यू शीट कशी लिहितात, ते तू शिकून ये. आणि आल्यावर मले शिकव.

दोनदा_दिल्ली

थोडक्यात प्रवेशाचं, कारण मी यात दोन वर्षं घालवली आहेत.

दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय हे विद्यापीठ नाही, पण तेही मनात असेल तर: कोणतीही पदवी चालते, किमान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा लागतो. तुझी सहा झाली आहेत, तर आजपासून पत्रिका, कात्रणं, स्पर्धेची प्रमाणपत्रं एका फाईलमध्ये ठेव. लाईट करणाऱ्याचं नाव पत्रिकेत छापलेलं असेल असं बघ, बऱ्याच संस्था ते गाळतात. आधी प्राथमिक फेरी, मग निवडलेल्यांची काही दिवसांची कार्यशाळा दिल्लीत. तिथे तुला संवादही म्हणावे लागतील. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, दरमहा शिष्यवृत्ती मिळते. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं असतं, अभिनय की रचना-दिग्दर्शन हे नंतर ठरतं.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीच्या अभ्यासक्रमाला बारावीत भौतिकशास्त्र लागतं. तू कॉमर्सचा असशील तर ती वाट बंद आहे, त्यावर वेळ घालवू नकोस. छायाचित्रणाला अशी अट नाही.

तयारी म्हणून संहिता वाच. रोज एक अंक, मोठ्याने, आणि मार्जिनमध्ये फक्त एवढंच लिही: वेळ कोणती, दार कुठे, उजेड कुठून.

महालचा_स्पॉट

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा उत्तर देतोय, कारण मधे तीन लग्नं होती.

ताईंचं लिहिलेलं सगळं बाबांना वाचून दाखवलं. ते माळा गुंडाळत होते, वर बघितलं नाही. कानाच्या पाळीचा भाग आला तेव्हा मात्र हात थांबले. मग एवढंच विचारलं, "तिथली वायरिंग कोण बघतं?" मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, शनिवारी वर्ध्याला जाऊन बघू. पुण्याला जायचं की नाही ते त्यानंतर.

वडसेच्या दादा, दिवाळीनंतर पंधरा दिवस नक्की येतो. वही घेऊन येतो. तुम्ही खेळ चालवा, मी शेजारी बसून तुमचे क्यू लिहून काढतो, म्हणजे एक प्रत तुमच्याकडे राहील.

ताई, तो एका दिव्याचा अभ्यास घरी सुरू करायचा आहे. गच्चीवर काळी ताडपत्री बांधून खोली केली आहे, आई खुर्चीवर बसायला तयार झाली आहे. हॅलोजन फार मोठा पडतो, तिचे डोळे दिपतात. कोणता दिवा घेऊ?

धरमपेठची_ध्वनी

आईला माझा नमस्कार सांग.

जुना तारेचा पिवळा बल्ब, साठ किंवा शंभर वॅटचा. एलईडी नको, तो मंद होताना रंग बदलत नाही, आणि तुला तोच रंग बघायचा आहे. इतवारीत विचार, एखाद्या जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात सापडेल. भोवती पत्र्याच्या डब्याचं नळकांडं कर म्हणजे उजेड पसरणार नाही. ताडपत्रीपासून दोन हात लांब ठेव, नळकांडं तापतं. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर डिमर म्हणून चालेल.

पहिल्या दिवशी दिवा समोरच ठेव आणि दोन पानं भरेपर्यंत हलवू नकोस. आई कंटाळली की थांबायचं.