आरपीजीतली मैत्री: दहा पायऱ्या चढल्या की झाली?

खाडीपलीकडे (धागालेखक)

आरपीजीचा (पात्राची भूमिका घेऊन खेळायचे व्हिडिओ गेम) विषय निघाला की 'पात्रं काय घडतात, मैत्री काय फुलते' असे गोडवे सुरू होतात, आणि पहिलं नाव येतं 'पर्सोना ५'चं (२०१६). मला ते पटत नाही. तिथे प्रत्येक 'कॉन्फिडंट'च्या (ज्याच्याशी मैत्री वाढवायची त्या माणसाच्या) पायऱ्या १ ते १०. समोरचा रडकुंडीला आलाय आणि आपण दिलेल्या उत्तरांतलं त्याला आवडेल ते हुडकतोय, कारण नेम बरोबर बसला की जास्त सूर (पडद्यावरच्या संगीताच्या खुणा, म्हणजे मैत्रीचे गुण) उडतात. वर त्याच्याच आर्कानाचा (टॅरोच्या पत्त्यांवरून पडलेल्या गटाचा) पर्सोना (लढाईत कामी येणारी शक्ती) जवळ बाळगला तर गुण अधिक. दहावी पायरी झाली की त्या माणसाकडे फिरकायचं फारसं कारण उरत नाही. ह्याला मैत्री म्हणायचं?

याउलट 'फायनल फँटसी १५' (हाही २०१६चाच). गेम म्हणून त्यात शंभर भानगडी, कथेला तर भोकंच भोकं. पण नायकाचा साथीदार इग्निसची दृष्टी जाते त्यानंतरची ती खाण आठवा. (ज्यांना खेळायचाय त्यांनी पुढचं सोडा.) तोवर धावत सुटायची बोटांना सवय झालेली असते. आता तो काठी टेकत, ठेचकाळत मागून येतो. तुम्ही पुढे पळालात की दुसरा साथीदार ग्लॅडिओ खेकसतो. कुठे आकडा वाढत नाही, नवा वार मिळत नाही, उलट कंट्रोलरची स्टिक हलकीच दाबून चालायचं, थांबायचं, मागे बघायचं. वैताग येतो. तो वैतागच मला खरा वाटला. मैत्री खेळातून दाखवायची तर खेळणाऱ्याचं काहीतरी गेलं पाहिजे. बोला.

सड्यावरची

साफ असहमत. पर्सोनात काही जात नाही असं कोण म्हणतं? दिवस जातो! शाळा सुटल्यावर एक वेळ, रात्री एक वेळ, आणि गेलेली तारीख परत येत नाही. र्‍यूजीबरोबर पळायला गेलात तर त्या दुपारी आन (दोघंही साथीदार) राहिली. पॅलेसची (ठरल्या तारखेआधी संपवायच्या टप्प्याची) मुदत डोक्यावर, त्यात गट्स (नायकाच्या धैर्याचा आकडा) कमी म्हणून एखादा माणूस पुढे बोलायलाच तयार नाही. पहिल्या खेपेला, गाईड न उघडता, सगळ्यांशी दहावर पोचणं जवळपास अशक्य. कोणाला वेळ द्यायचा आणि कोणाला नाही, हेच त्या गेमचं म्हणणं आहे. मला तरी हे इग्निसच्या खाणीपेक्षा जास्त बोचलं. खाणीत थांबणं सक्तीचं आहे हो. सक्तीने थांबलात त्यात तुमचं काय मोठेपण?

आणि पायऱ्यांचं फळ लढाईत बघा. पर्सोना ५मध्ये नायक पडला की खेळ खल्लास, बाकीचे उभे असले तरी. वरच्या पायरीवरचा साथीदार अशा वेळी मध्ये उडी घेतो आणि जीवघेणा वार स्वतःवर झेलतो. तुम्ही बटण दाबलेलं नसतं. सांगितलेलंही नसतं. अर्धा तास चाललेली बॉसची (मोठ्या शत्रूची) लढाई एका वारावर आलीय आणि तो मध्ये येतो. तेव्हा मला ना सूर आठवले ना आर्काना.

माडाखालचो

माका दोघांचांय पटना नाय. माझो राग येगळोच. रापणीत जो दोर वडता तेका वाटो गावता. आणि ह्या 'बाल्डर्स गेट ३'त चार जण जीव घालून लढतत, बाकीचे कँपात निजान रवतत, तरी लेव्हल सगळ्यांची एकदमच वाढता! ह्येका पात्राची वाढ म्हणूची?

सड्यावरची

@माडाखालचो: अहो, नाहीतर कँपातल्याला कोणी कधी बाहेरच काढणार नाही. ती खेळणाऱ्याची सोय आहे.

माडाखालचो

सोय म्हणा मगे. वाढ म्हणू नकात.

रातांबा

माडाखालचो, तुमच्या मुद्द्यात बरंच काही आहे. लेव्हलला 'वाढ' म्हणायची खोड १९७४च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ह्या टेबलावर बसून खेळायच्या खेळापासूनची. त्यात सुरुवातीला अनुभवाचे गुण मिळायचे ते मुख्यतः गोळा करून आणलेल्या सोन्याचे. म्हणजे अनुभव ह्या आकड्याचा शहाणपणाशी संबंध पहिल्यापासूनच जेमतेम. जपानी आरपीजींनी सोन्याऐवजी राक्षस मोजले, एवढंच.

ह्या खोडीला नीट उत्तर दिलं 'अंडरटेल'ने (२०१५). कोणालाही न मारता शेवटापर्यंत गेलात तर तुमची लेव्हल १च राहते, जीव २०च. पात्र वाढलेलं असतं, आकडा मात्र जागच्या जागी. आणि शेवटाजवळ सॅन्स हे पात्र एका लांब कॉरिडॉरमध्ये सांगतो की इथे ईएक्सपी आणि लव्ह (अनुभवाचे गुण आणि लेव्हल) म्हणजे तुम्ही किती हिंसा केलीत त्याची मोजदाद. मैत्रीही तशीच. समोरच्याला न मारण्यासाठी त्याचे वार चुकवत राहावं लागतं, तो थकेपर्यंत किंवा त्याचं मन वळेपर्यंत. अंडाइनच्या भाल्यांपुढे माझी बोटं दुखून आली, पण उलटा वार केला नाही. धागालेखकांना जे 'गेलं पाहिजे' ते इथे जातं, आणि सक्ती नाही.

खाडीपलीकडे

अंडरटेलबद्दल पूर्ण सहमत. तो मी अपवादात धरतो.

सड्यावरची, वेळ जातो हे मान्य. पण दिलेल्या वेळेची पावती लगेच हातात पडते, हा माझा आक्षेप. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये (२००९) तर भेटवस्तू देत सुटा, पसंती वाढत जाते. निदान तिथे एक गोष्ट बरी आहे. पवित्र राख विटाळलीत तर साथीदार विन तुमच्यावर उलटते, आधी कितीही भेटी दिलेल्या असोत. आणि बाल्डर्स गेटमधला गेल हा साथीदार घ्या. सुरुवातीला जादूच्या वस्तूंची चणचण असते, आणि हा बाबा त्याच मागतो, गिळून टाकायला! नाही म्हणत राहिलात तर सोडून जातो. बोटातली बरी अंगठी काढून देताना हात अडखळतो ना, तेवढ्यापुरती ती मैत्री खरी.

जुना खेळिया

तुम्ही सगळे नव्या गेमांवर अडलात. १९९७ला 'फायनल फँटसी ७'ने हे करून ठेवलंय. साथीदार एरिथला सगळ्यात पुढे ठेवून, तिचे लिमिट (खास वार) घोटून घोटून वाढवलेले लोक मला माहीत आहेत. कथेत ती मरते तेव्हा तिच्या अंगावरचे मटेरिया (जादूचे खडे) तुम्हाला परत मिळतात. तिची लेव्हल, तिचे लिमिट, सगळं गेलं. पुढच्या लढाईत 'बरं करणारी कोण?' म्हणून यादी उघडली की कळतं. कटसीनने (खेळ थांबवून दाखवलेल्या प्रसंगाने) रडवणं सोपं. यादीतल्या रिकाम्या जागेने चटका लावणं, ते गेमलाच जमतं.

बंदरावर

मासेमारीबंदीचे दोन महिने, १ जून ते ३१ जुलै. होड्या वर काढलेल्या, पाऊस कोसळतोय, लाइट येऊन जाऊन. आमच्याकडे चौघं चुलत भावंडं, एक टीव्ही, एक कंट्रोलर. एक खेळतो, तिघं शिव्या घालतात. 'अरे त्याला नको वाचवू', 'अगं तिला विचार आधी'. मैत्री दाखवायला गेमने पायऱ्या कशाला लावायला हव्यात? ती टीव्हीच्या ह्या बाजूला असते. गेममधली सगळी लुटुपुटूची.

सड्यावरची

@बंदरावर: चौघं भावंडं मिळाली, नशीबवान आहात. सगळ्यांकडे नसतात. आणि 'त्याला नको वाचवू' म्हणून तुम्ही भांडता ते कशावरून? त्या लुटुपुटूच्या माणसावरूनच ना? त्याचं काही वाटतच नसतं तर भांडला असतात?

बंदरावर

भांडायला आम्हाला कारण लागत नाही 😄 पण मुद्दा पोचला.

रातांबा

पावतीचा मुद्दा निघालाय तर 'विचर ३' (२०१५) राहिलाच. नायकाची मानसकन्या सिरी खचलेली असते. तिला दारू पाजून गप्प बसवायचं, की बाहेर नेऊन बर्फाचे गोळे फेकायचे? कोपऱ्यात आकडा नाही, सूर नाहीत. तिचं पुढे काय होणार हे अशा मोजक्या निवडींवर ठरतं, आणि ते शेवट आल्यावरच समजतं.

सड्यावरची

म्हणजे मोजदाद आहेच. फक्त झाकलेली. पर्सोना उघड दाखवतो म्हणून तो हिशेबी आणि हा लपवतो म्हणून मोठा कलावंत, हे कुठलं शास्त्र?

खाडीपलीकडे

झाकलेली आहे म्हणूनच मी गोळा फेकला तो सिरीसाठी. उघडी असती तर आकड्यासाठी फेकला असता.

सड्यावरची

तो तुमचा स्वभाव, गेमचा काय दोष! गाईड बंद ठेवून पर्सोनाचं एक वर्ष खेळा, आणि दहावर कोण पोचलं नाही ते इथे येऊन लिहा.

माडाखालचो

ह्यो गाईड बंद ठेवतलो? आधी लाइट ऱ्हवांदे.