मदत हवी आहे: अंकुशी रुपया पेशव्यांचा की कंपनीचा?

आजीच्या डब्यात चांदीचा एक अंकुशी रुपया मिळाला. अंकुशाचं चिन्ह स्पष्ट आहे, फारसी मजकूर अर्धामुर्धा. ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्यामुळे सालाचा शेवटचा आकडा कडेबाहेर गेलाय; फक्त १२३ एवढंच दिसतं.

घोडं इथेच अडलंय. साल हिजरी धरलं तर साधारण १८१४ ते १८२४ येतं, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचा काळही त्यात बसतो. फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाचं साल, धरलं (इसवी सनासाठी त्यात ५९० मिळवायचे) तर १८२० च्या पुढचं, म्हणजे नक्कीच कंपनीच्या अमलातलं, कारण १८१८ नंतरही पुण्यात हे रुपये पडत होते.

वजन सराफाच्या काट्यावर ११.२ ग्रॅम भरलं. चुंबकाला चिकटत नाही. कसोटीवर घासू दिलं नाही, चिंच-लिंबू लावलेलं नाही आणि लावणारही नाही. विकायचं नाही, त्यामुळे किंमत नको. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो देतो.

शेवटचा आकडा नसताना हिजरी की फसली हे कशावरून ओळखायचं: अंकुशाच्या घडणीवरून, अक्षरांच्या वळणावरून, की आणखी काही खूण असते? आणि पुण्यात फारसी ठसा समोर बसून वाचून देणारं कोणी माहितीत आहे का?