मदत हवी आहे: टपालाने आलेल्या सह्या खऱ्या की छापील, ओळखायचं कसं?

मंडळी नमस्कार. चवथीआधी माळा झाडताना धाकट्या काकांचा पत्र्याचा डबा सापडला. आत एकवीस सह्या, बहुतेक १९७५ ते १९९० मधल्या. काका मालवण सोडून फारसे कुठे गेले नाहीत, पण पत्रं मात्र सगळ्यांना लिहायचे. क्रिकेटवाले, नाटकवाले, सिनेमावाले, कोणी सुटलं नाही. सोबत स्वतःचा पत्ता घालून तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. आजी म्हणायची, पोस्टमनचा पगार याच्याच जिवावर निघतो. डबा वाळवीपासून वाचलाय, दमटपणापासून नाही. प्लास्टिकचे खिसे फोटोंना चिकटून बसलेत.

विकायचं काही नाही. ओटीवर तीन फ्रेम लावायच्या आहेत. पण भाचा म्हणतो, "मामा, हे सगळं ऑफिसातली माणसं करतात, त्याने स्वतः कशाला सही करायची?" तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

पहिली, त्या काळच्या एका मोठ्या हिरोची. काकांनी लिहिलं तसं आत्यानेही लिहिलं होतं, दोघांना फोटो आले. काल दुपारी पाऊस उघडला तेव्हा दोन्ही फोटो एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. एक जरासा सरकवला आणि दोन सह्यांची एक सही झाली. आडनावाखालच्या फर्राट्याचं टोकसुद्धा टोकावर. बघून आनंद व्हावा की दुःख, कळेना.

दुसरी ब्रॅडमनची. १९७८ साली त्यांना सत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा काकांनी मराठी पेपरातला फोटो कापून ॲडलेडला धाडला. तोच कपटा सही होऊन परत आला. मागच्या बाजूला एसटीच्या टेंडरची अर्धी जाहिरात आहे! निळं बॉलपेन. परदेशात आपलं तिकीट चालत नाही, म्हणून पाकीट तिकडचंच, वर हाताने लिहिलेला पत्ता: काकांचं नाव, मालवण, डिस्ट्रिक्ट रत्नागिरी, इंडिया.

तिसरी काकांची नव्हे, माझी. डबा बघून मलाही खाज सुटली, म्हणून ऑनलाइन गावसकरांची सही साडेचार हजारांना घेतली. विकणारा म्हणाला, मालवणच्याच एका घरातली आहे. कलकत्ता कसोटीत वेस्ट इंडिजविरुद्ध १०७ आणि नाबाद १८२ केल्यावर अभिनंदनाचं पत्र गेलं, त्याचं हे उत्तर. कार्डावर सही, खाली 'जानेवारी ७९'. पाकीटही आहे, शिक्क्यातलं साल पुसट. पत्ता शाईच्या पेनाने: मालवण, जि. सिंधुदुर्ग, ४१६६०६. पिनकोड १९७२ पासून आहे हे मी तपासलं, त्यामुळे त्यात घोळ नाही. सोबत विकणाऱ्याने सर्टिफिकेट दिलंय. गावचा पत्ता बघितला आणि भाव न करता पैसे पाठवले, हे कबूल करतो.

कोणी जाणकार सांगेल का?

प्रतिसाद: शाईचा डाग

हिरोच्या फोटोचा निकाल तुम्हीच लावलाय. माणूस एका बैठकीत शंभर सह्या करेल, पण त्यातल्या दोन तंतोतंत सारख्या येणार नाहीत. जुळल्या म्हणजे छापील, रबरी शिक्का किंवा ऑटोपेन. ऑटोपेन म्हणजे साच्यावरून खरं पेन फिरवणारं यंत्र. अपोलोच्या अंतराळवीरांच्या कितीतरी सह्या त्यानेच केलेल्या आहेत, तिकडचे संग्राहक अजून त्या निस्तरतायत. पण मुंबईतल्या नटाच्या ऑफिसात त्या काळी असलं यंत्र असेल यापेक्षा छापील फोटोंचा गठ्ठा असेल, हे जास्त पटतं.

घड्याळजीकडचं भिंग आणा आणि फोटो दिव्याखाली तिरका धरा. सहीवर शाई असेल तर तिथली चमक बदलते. चमक सलग राहिली तर सही कागदातच आहे. भिंगातून रेघेच्या कडा ठिपक्याठिपक्यांच्या दिसल्या तर छपाई. शिक्क्यात शाई कडेला दाटते, मध्ये फिकी पडते, आणि दोन रेघा एकमेकींना ओलांडतात तिथे एकावर एक थर दिसत नाही. ऑटोपेनची शाई खरी असते, म्हणून तिथेच लोक फसतात. तिथे दाब बघा. माणसाचा हात वळणावर दाबतो, शेवटी उचलून सुटतो. यंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जोराने ओढतं, सुरुवातीला आणि शेवटी एकेक ठिपका टेकवतं.

बोट ओलं करून सही पुसून बघायच्या भानगडीत मात्र पडू नका. एकाने माझ्यासमोर ते केलंय. सही खरी होती.

प्रतिसाद: पोफळी

चिकटलेले खिसे ओढू नका, फोटोचा वरचा थर सोबत येईल. कोरड्या दिवसात खिशाची कड कापून जेवढं सहज सुटेल तेवढंच सोडवा. आणि खऱ्या सह्या भिंतीवर कशाला? ओटीवरच्या उजेडाने बॉलपेनची शाई उडते. झेरॉक्स लावा भिंतीला, मूळ कपाटात ठेवा.

प्रतिसाद: खाडीकाठ

अरे सही कसली बघतंस, पत्तो बघ आधी. १९७९ च्या जानेवारीत मालवण सिंधुदुर्गात इला खयसून? तेव्हा सगळो मुलुख रत्नागिरी जिल्ह्यातच होतो. सिंधुदुर्ग जिल्हो झालो १ मे १९८१ क. पिनकोड तपासलंस आणि त्याच्या शेजारचो शब्द सोडलंस!

प्रतिसाद: शाईचा डाग

खाडीकाठ, दंडवत. मी तीनदा वाचूनही हे माझ्या नजरेतून सुटलं.

धागाकर्ते, आता दोन गोष्टी वेगळ्या करा. पाकीट खोटं बोलतंय म्हणून कार्डावरची सही खोटीच, असं होत नाही. गावसकरांनी आयुष्यात अमाप सह्या केल्यात, खऱ्या कार्डाला बनावट पाकीट जोडून भाव चढवला असंही असेल. पण गोष्ट पडली की सहीला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. त्याच काळातल्या, खात्रीच्या चार-पाच सह्या समोर ठेवून ताडून बघा. अक्षराचा आकार कोणीही गिरवतो, वेग गिरवता येत नाही. हळूहळू काढलेल्या सहीत रेघ थरथरते, मध्येच पेन उचलून पुन्हा टेकवल्याच्या खुणा राहतात. विकणाऱ्याने स्वतःच छापलेलं सर्टिफिकेट म्हणजे आंबेवाल्यानेच आपल्या पेटीवर 'अस्सल देवगड' लिहिणं. पीएसए, जेएसए अशा अमेरिकन कंपन्या पैसे घेऊन तपासतात, पण साडेचार हजारांच्या कार्डासाठी पाठवण्याचा खर्चच अंगावर येईल.

ब्रॅडमनबद्दल मी तरी निर्धास्त आहे. आलेल्या पत्रांना चिकाटीने उत्तरं देण्याबद्दल त्यांची ख्याती होती. तो एसटीच्या टेंडरचा कपटा काकांनीच पाठवलेला, म्हणजे तो तिकडे जाऊन आला हे नक्की. पाकिटावरचं अक्षर आणि सही यांचा हात एकच वाटतो का, ते बघा. वाटला तर आणखी बरं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. भिंग आणलं. हिरोच्या सहीच्या कडा रांगोळीसारख्या ठिपक्यांच्या निघाल्या. आत्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "माका तेव्हाच म्हायत होता, तुझ्या काकाक सांगूक नाय."

खाडीकाठ, काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचून डबा पुन्हा काढला. माझा जन्म ८३ चा, कळायला लागल्यापासून पत्त्यात 'जि. सिंधुदुर्ग' लिहितोय, त्यामुळे नजर त्यावर अडलीच नाही. ब्रॅडमनचं पाकीट आणि माझं पाकीट शेजारी ठेवलं. वर्षाचाही फरक नाही, गाव तेच, जिल्हे दोन. मग काकांच्या हातची परतीची पाकिटं एकेक करून लावली. ८१ च्या दिवाळीतल्या पाकिटावर अजून रत्नागिरीच आहे. ८२ मधल्या एकावर रत्नागिरी लिहून खोडलंय आणि वर बारीक अक्षरात सिंधुदुर्ग. ८४ पासून सरळ सिंधुदुर्ग.

विकणाऱ्याला सकाळी मेसेज टाकला की मालवण १९७९ मध्ये कुठल्या जिल्ह्यात होतं तेवढं सांगा. दोन निळ्या खुणा दिसतायत, उत्तर नाही. ब्रॅडमनच्या कपट्याची झेरॉक्स मात्र दोन्ही बाजूंनी काढून आणली. एसटीचं टेंडरही लावणार.